शेवग्यावरचा वेताळ

'चांदोबा' हे मुलांचं मासिक मराठीत १९५२ साली सुरू झालं, पण ते निघायचं मद्रासच्या वडपळनीतून. सोलापुरात वाचताना मला याचा पत्ता नव्हता. आता मी वडपळनीतच राहते आणि माहेरून आणलेले जुने अंक रविवारी इमारतीतल्या मुलांना वाचून दाखवते. मराठी मुलं थोडी, तमिळ जास्त. म्हणून आधी मराठीत वाचायचं, मग तमिळ-इंग्रजीत सांगायचं.

पहिल्यांदा विक्रम-वेताळाचं चित्र दाखवलं. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये ९६ व्या वर्षी गेले. समोरचे तात्ता, म्हणजे आजोबा, चित्र बघताच खुर्ची ओढून पुढे बसले. त्यांनी लहानपणी हेच चित्र 'अंबुलिमामा'त, म्हणजे तमिळ 'चांदोबा'त, पाहिलं होतं. मजकूर ज्या त्या भाषेतला, चित्रं मात्र सगळीकडे तीच.

"वेताळाचं झाड कुठलं, सांगितलं का?" त्यांनी विचारलं. तमिळ वेताळ मुरुंगाईवर, म्हणजे शेवग्यावर राहतो. आमच्या कुंपणाला शेवगा आहेच. पोरं खिडकीकडे धावली. एक आठ वर्षांचा मुलगा खाली बघून आला आणि म्हणाला, शेंगा काढतानाच याची फांदी मोडते, हिला प्रेताचं वजन कसं पेलणार? तात्ता निरुत्तर झाले. लगेच दुसऱ्याचा प्रश्न: भूत खांद्यावर बसलंय, मग तलवार कोणावर उपसलीय?

पुढे एका आईने मला जिन्यात गाठलं. मुलगी रात्री एकटी बाथरूमला जात नाही, या गोष्टी नकोत. तिची काळजी रास्त होती. मी मुलीला विचारलं, परीची गोष्ट घेऊया का? ती म्हणाली, "पण राजाला वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असून तो गप्प बसला, तर त्याचं डोकं फुटेल ना?" तिला प्रेताची भीती नव्हतीच. धास्ती होती ती राजाची. मोठ्यांना या गोष्टींत मढं दिसतं, मुलांना ते उचलून पुन्हा चालू लागणारा माणूस दिसतो. म्हणून मी थांबले नाही.

मासिकाने मूळच्या पंचवीस कथांना शेकडो नव्या जोडल्या, पण मला जुन्यांतली अदलाबदलीची कथा फार आवडते. नवरा आणि त्याचा मित्र देवीपुढे शिर वाहतात, बायको घाईत एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला जोडते. आता नवरा कोण? काही वर्षं मद्रासमध्ये नोकरी केलेल्या गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' हे नाटक याच धाग्यावर उभं आहे. वेताळाच्या प्रश्नावर मी अंक मिटला आणि एकच गलका झाला. डोकंच खरं, नाव त्यालाच आठवतं. नाही, सायकल तर पाय चालवतात! मुलीला न्यायला आलेली तीच आई दारातून म्हणाली, "आणि मूल झालं तर ते कोणासारखं दिसेल? धडासारखंच ना?" क्षणभर सगळे गप्प झाले. मग तिलाही आत बसवून घेतलं.

शेवटी मी राजाचा निकाल सांगितला: ज्याचं डोकं, तोच नवरा. निम्म्या मुलांनी राजालाच चूक ठरवलं.