आमच्या ओटीवरील पेटी

गांवाला कांहीं तरी बांधून द्यावें ही हौस आमच्या घराण्यांत जुनी आहे. आजोबांनीं बांधलेल्या विहिरीवरचा त्यांच्या नांवाचा दगड अद्याप शाबूत आहे. रहाट मात्र आमच्या लहानपणापासूनच मोडका. या विसंगतीचें आम्हांला पूर्वीं कधीं कांहीं वाटलें नाहीं. तें वाटूं लागलें अलीकडे, आणि त्याला निमित्त झाली आमच्या ओटीवर खुंटीशेजारीं टांगलेली एक पांढरी पेटी.

सन २०२० च्या टाळेबंदींत पुण्यामुंबईकडचीं आमचीं सारीं भावंडें मुलांबाळांसह रत्नागिरी जिल्ह्यांतील मूळ घरीं येऊन राहिलीं. पंगतीला वीस-बावीस पानें पडूं लागलीं. काकूंना तर उत्साहाचें भरतें आलें. अडचण एकच होती. मुलांच्या शाळा मोबाईलवर भरत, आणि आमचें गांव डोंगराच्या कुशींत असल्यामुळें तेथें मोबाईलच्या लहरी पोंचत नसत. मुलें वह्या घेऊन वरच्या सड्यावर जात. तेथें खालच्या वाडींतील मुलेंहि येत. एका मोबाईलभोंवतीं चार-पांच डोकीं, आणि पाऊस लागल्यावर त्या सर्वांवर मिळून एक इरलें. टाळेबंदी उठली, आमचीं मुलें शहरांत परतलीं. खालच्या वाडींतलीं सड्यावरच राहिलीं.

आमचा पुतण्या अभियंता आहे. एका रात्रीं जेवणें उरकल्यावर त्यानें नेपाळांतील हकीकत सांगितली. म्याग्दी जिल्ह्यांतील नांगी या दुर्गम गांवचे महावीर पुन अमेरिकेंत शिकून परत आले, आणि गांवांत टेलिफोन नसतां २००२ च्या सुमारास त्यांनीं बिनतारी यंत्रांनीं डोंगराला डोंगर जोडीत पोखऱ्यापर्यंत वाट काढली. आरंभीं अँटेना झाडांवर बांधलेल्या, वीज ओढ्यावरील लहानशा जनित्राची, संगणकांच्या पेट्या लांकडी! २००७ सालीं त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांला त्या हकीकतींतला पुरस्काराचा भाग विशेष आवडला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पूर्वीं असल्या रेडिओला सरकारी परवाना लागे. जानेवारी २००५ मध्यें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे मोकळा झाला, आणि पुढच्याच महिन्यांत हिमाचलांतील धर्मशाळा येथें अनेक संस्था एकमेकींस बिनतारी जाळ्यानें जोडल्या गेल्या. २०१८ सालीं ५ गिगाहर्ट्झचाहि बराच भाग खुला झाला. तेव्हां तालुक्याच्या गांवीं एका नातलगांच्या गच्चीवर एक तबकडी, आमच्या कौलांवर दुसरी, मध्यें सहा किलोमीटर हवा, एवढेंच काम उरलें. इंटरनेट पुरविणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकाची संमति मिळाली. खर्च घरांत वांटून घेतला. २०२२ च्या चैत्रांत तबकड्या चढल्या, नारळ फुटला, आणि आमच्या वडील बंधूंचें भाषण झालें. तें बरेंच लांबलें.

आषाढांत सारें बंद पडलें. आम्हीं यंत्राला दोष दिला, विजेला दिला. खालच्या वाडींतील एक मुलगा पाण्याचे पंप दुरुस्त करीत असे, तो कौलांवर चढला, क्षणभर समोर पाहून उतरला आणि म्हणाला, "अण्णा, साग पानावर आलाय." या लहरींना दोन्ही टोकें एकमेकांस दिसणें पुरत नाहीं, मधोमध फुगीर अशी मोकळी जागा लागते. आमच्या अंतराला ती मध्यावर सुमारें नऊ मीटर त्रिज्येची असावयास हवी होती. चैत्रांत मधल्या टेकाडावरचे साग निष्पर्ण होते, पलीकडचें गांव स्वच्छ दिसत होतें. आतां सागाला सुपाएवढीं पानें आलीं होतीं, आणि ओलीं पानें तर लहरी पिऊनच टाकतात. कोंकणांत जन्म काढलेल्या माणसांनीं उन्हाळ्यांत पाहणी करून पावसाळा विसरावा, याला काय म्हणावें! खांब पांच मीटरनीं वाढविला तेव्हां काम पुन्हा सुरू झालें.

पण खरी गोष्ट सागाची नव्हे. पेटी आमच्या ओटीवर, तिच्या कुलुपाची किल्ली काकूंच्या कनवटीला. रात्रीं दहाला घरांतले दिवे मालवावयाचे हा काकूंचा नियम, आणि दिव्यांबरोबर पेटीचें बटणहि बंद होई. पेटी अडली कीं त्या मुलानें यावें, अंगणांत उभें राहावें, कोणी बाहेर येईतों वाट पाहावी. वर ये, असें आम्हीं त्याला कितीदां तरी म्हटलें. "हितंच बरं," असें तो म्हणे. त्याची आजी आमच्याकडे भात कांडावयास येई, ती अंगणांतच बसत असे. त्याला हा धडा कोणीं शिकविला हें निराळें सांगावयास नको.

२०२३ च्या पावसाळ्यांत काकूंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं आम्ही सर्व पुण्यास गेलों. घर चार दिवस बंद होतें. वीज जाऊन आली आणि पेटी गोठल्यासारखी झाली. बटण बंद करून पुन्हा लावण्याचाच काय तो अवकाश होता. त्याच दिवसांत खालच्या वाडींतील एका मुलीची परिचर्येच्या शिक्षणक्रमासाठीं पसंतिक्रम भरण्याची मुदत संपत होती. शेवटच्या दिवशीं बाप तिला घेऊन पहांटे तालुक्यास निघाला. ओढ्याला पूर होता. तीं पोंचलीं तेव्हां मुदत टळून गेली होती. पुढच्या फेरींत तिला जागा मिळाली, पण दूरच्या खासगी संस्थेंत. शुल्कासाठीं बापानें दोन म्हशी विकल्या.

आम्ही परतलों तेव्हां कोणीं तक्रार केली नाहीं. पेटी सुरू झाली म्हणून उलट आमचे आभार मानले. ही हकीकत आम्हांला पंधरा दिवसांनीं मराठी शाळेच्या गुरुजींकडून कळली.

त्या रात्रीं घरांत बराच वाद झाला. खर्च आपण केला, मग ताबा दुसऱ्याच्या हातीं कसा द्यावा, हें बंधूंचें म्हणणें. पुतण्यानें पालघरचें उदाहरण दिलें. तेथें मुंबईच्या आय. आय. टी.नें खामलोलीच्या परिसरांत टेलिव्हिजनच्या रिकाम्या लहरींवर प्रयोग केले, आणि त्यांच्या ग्राममार्ग योजनेला २०१७ सालीं मोझिलाच्या स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. त्या योजनेंत पंचायतीला भागीदार धरलें आहे. बंधूंचें समाधान झालें नाहीं. तेव्हां काकूंनीं डोळ्यावरची पट्टी सांवरीत कनवटीची किल्ली काढली आणि ताटाशेजारीं ठेवली. "मला आतां दिसत नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांचा दुसरा डोळा उत्तम होता.

आतां पेटी खालच्या वाडीजवळ पाण्याच्या टाकीवर आहे. विजेचें बिल पंचायत भरते. प्रत्येक घर महिन्याला पन्नास रुपये देतें, त्यांतून त्या मुलाला पगार मिळतो. बॅटरी निम्म्याखालीं उतरूं द्यावयाची नाहीं, तिच्यांत पाणी वेळेवर घालावयाचें, सांध्यांवरची चिकटपट्टी मृगापूर्वीं बदलावयाची, पेटींत मुंग्यांनीं घर केलें आहे कीं काय तें पाहावयाचें, हें सारें तो करतो आणि वहींत तारखेवार टिपून ठेवतो. गेल्या वर्षीं वीज पडून रेडिओ जळला. तो वर्गणीच्या शिलकेंतून दोन दिवसांत बदलला गेला, आणि आम्हांला तें मागाहून कळलें. सुट्टींत मुलें घरीं आलीं कीं पूर्वीपेक्षां कमी कटकट करतात.

मागच्या खेपेस गांवीं गेलों असतां त्याच्या घरावरून जात होतों. तो बाहेर आला, वही उघडली आणि म्हणाला, "अण्णा, तुमचे दोन महिने राहिलेत." आम्ही त्याच्या अंगणांत उभे होतों. आम्हीं शंभर रुपये दिले. त्याच्या आईनें ओसरीवर घोंगडी अंथरली आणि वर येऊन चहा घ्या म्हणून सांगितलें. तो पावती लिहीपर्यंत आम्ही वर जाऊन बसलों.