खारबांध, तिवरं आणि खर्चाची वही



मागच्या उधाणाचे फोटो टाकले तेव्हापासून बरेच जण विचारतायत, दादा, तिवरं राखायची का शेती? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आमची जमीन पेणच्या खारेपाटात. घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो: बाहेर खाडी, आत भात, मधे मातीचा बांध आणि त्याला उघाडी. ओहोटीला पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, भरतीला झडप आपोआप बंद होते. खेकडा बांधाला भोक पाडतो. वेळेत बुजवलं तर दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. नाही बुजवलं तर अमावास्येच्या उधाणात त्याचीच खांड होते, मग पोकलेनशिवाय भागत नाही. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. आता पोरं कंपनीत, बांध सरकारी योजनेत आणि दुरुस्ती मंजुरीच्या वाटेवर.

खांड उघडी राहिली की भरतीबरोबर तिवराचं बी आत येतं. चार-पाच वर्षांत कमरेएवढी झाडं. मग ते शेत राहत नाही, कांदळवन होतं. मुंबई हायकोर्टाचा 2005 चा आदेश आहे, 2018 चा निकाल आहे. जमीन कोणाचीही असो, तिवर तोडायचं नाही, 50 मीटरच्या आत बांधकाम नाही. सातबारा आमच्या नावावर, पण कुदळ मारायची नाही.

माझे 30 गुंठे असे गेले. हिशोब उघडा करतो. चांगल्या साली 9 क्विंटल भात निघायचं. 2025-26 चा हमीभाव 2369 रुपये, म्हणजे 21 हजार 300 च्या आसपास. नांगरणी, लावणी, कापणी, झोडणी, खत मिळून 13 हजार. राहिले 8 हजार, वर गुरांना पेंढा आणि खाचरातल्या तळ्यातला जिताडा. शहरातल्या माणसाला 8 हजार म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे त्यात पोराची वर्षाची फी आणि वह्या-पुस्तकं निघायची.

आता तिवराची बाजू. बांधाच्या बाहेर तिवरं असतील तर लाट बांधावर येईपर्यंत निम्मी मरते. जिथं सरपणाला तोडली तिथं बांध आधी खचला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. निवट्या, कोळंबी, चिंबोरी त्यातच वाढतात. चिखलात कार्बन साठतो तो वेगळा, त्याचा फायदा साऱ्या जगाला. म्हणून कायद्याशी माझं भांडण नाही. भांडण एवढंच की फायदा जगाचा आणि त्याचा खर्च मात्र एका घराच्या सातबाऱ्यावर. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर 2022 मध्ये हायकोर्टानंच सुमारे 20 हजार तिवरं तोडायला परवानगी दिली, प्रकल्प सार्वजनिक हिताचा म्हणून. म्हणजे तोलून बघता येतं. मग 30 गुंठ्याला तागडी का नाही?

पण मित्रांनो, दर वेळी आपणच भरडलो जातो असंही नाही. माझी बहीण रोह्यात दिलीय. तिच्याकडे डोलवहाळच्या कालव्यावर उन्हाळी भात होतं. ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं, आणि भिऱ्याला येतं मुळशीच्या धरणातून. त्या धरणासाठी मावळ्यांची गावं आणि आंबेमोहराची खाचरं बुडाली. 1921 ला सेनापती बापटांबरोबर लोक सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले, तरी धरण झालं. मुंबईला बिनधुराची वीज मिळाली, रोह्याला पाणी. भाऊजींच्या बांधावर बसून भाकरी खाताना मुळशीचं नाव कोणी काढत नाही. मीही नाही काढत.

पेणला उलटं. हेटवणे धरण आमच्या तालुक्यात, पाणी नवी मुंबईला, आणि लाभक्षेत्रातल्या कितीतरी शेतांना अजून कालव्याची वाट. 2008 साली सेझसाठी 22 गावांत मत घेतलं, तेव्हा मुद्दा ह्याच लाभक्षेत्राचा होता. सेझ गेला, कालवा तिथंच.

ग्रामसभेत मी मांडणार आहे ते असं. वाढलेली तिवरं राहू द्या, त्यांच्या आतल्या अंगाला नवा बांध घाला. गेलेली जमीन नावावर ठेवून दरवर्षी भातातून सुटायचे तेवढे पैसे द्या, एकदाच तोंड पुसू नका. आणि नवी खांड पडली तर बी रुजायच्या आत, त्याच हंगामात बुजवा. पोकलेनचं भाडं परवडेल, गेलेलं शेत परत येत नाही. 2017 पासून कांदळवनात खेकडापालनाची योजना आहे, ती चांगली आहे, ज्याला जमेल त्यानं घ्यावी. पण पिंजऱ्यातल्या खेकड्यावर घरचा तांदूळ निघत नाही.

कृषीवाल्या मित्रांना एक विचारायचंय. शेजारच्या शेतात खारं पाणी दोनच उधाणं राहिलं, तिवर अजून नाही. एक पावसाळा धुवून निघाल्यावर पनवेल 3 लावावं का आधी राता टाकून बघावा? माती तपासायला कोणत्या महिन्यात आणि किती खोलीवरची घ्यायची तेही लिहा. ग्रामसभेच्या आधी कळलं तर बरं.