बर्टनचं पाणी, बेकवेलची बियर

पॅरिसहून आलेला प्रवासी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात ज्या तळमजल्यावर उतरतो, ते मुळात बियरचं गोदाम. रीजंट्स कालव्यावरून रूळ न्यायचे म्हणून फलाट उंचावर बांधावे लागले आणि खाली मोकळी जागा उरली. मिडलँड रेल्वेचा अभियंता विल्यम बार्लो याने त्या जागेतल्या लोखंडी खांबांमधलं अंतर बियरच्या पिंपांच्या हिशोबाने ठरवलं. स्थानक 1868 मध्ये सुरू झालं आणि बर्टन-अपॉन-ट्रेंटची पिंपं गाड्या भरभरून इथे येऊ लागली. एका गावच्या पेयासाठी राजधानीतल्या स्थानकाचं मोजमाप ठरावं, ही साधी गोष्ट नाही. तेव्हा इंग्लंडच्या बिटर नावाच्या कडू बियरचा माग काढायचा तर याच खांबांपासून, पिंपं आली त्याच्या उलट दिशेने, उत्तरेकडे जाणारी गाडी धरावी.

या प्रवासाला निमित्त 2024 च्या एका बातमीचं आहे. बर्टनच्या मार्स्टन्स कारखान्यात अजून वापरात असलेले ‘बर्टन युनियन’ संच, म्हणजे बियर आंबवण्याच्या लाकडी पिंपांच्या जोडरांगा, आता बंद करणार असं जाहीर झालं. ही पद्धत बर्टनमध्ये चालवणारं ते शेवटचं ठिकाण होतं. काही महिन्यांत त्यातला एक संच शेजारच्या डर्बीशायरमध्ये, बेकवेलच्या थॉर्नब्रिज या लहान कारखान्यात गेला. हा कारखाना 2005 मधला. अनेकांना ही परंपरेची अखेर वाटली. बर्टनचं पाणी नाही, तर बर्टनची बियर कसली, असा त्यांचा सवाल. माझं मत उलट आहे. बिटर पाण्याने घडवली नाही, ती कसबाने आणि गिऱ्हाइकाच्या जिभेने घडवली; आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द बर्टनच्या इतिहासातच आहे.

डर्बीला गाडी बदलली की पंधराएक मिनिटांत बर्टन येतं. इथला मठ 1002 मधला, तिथले भिक्षू बियर करत. पण मठाचे अवशेष, चर्च, नदीकाठचं हिरवळीचं कुरण हे सगळं झरझर मागे टाकायला हरकत नाही. थांबायचं ते जमिनीखालच्या पाण्यापाशी. इथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम मुबलक आहे. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. बियरचं मात्र उलट आहे. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, दळून गरम पाण्यात भिजवलं की या पाण्यातलं कॅल्शियम त्या भिजवणाला किंचित आंबटपणाकडे झुकवतं, त्यामुळे पिष्टाची साखर नीट होते आणि रंग फिका राहतो. सल्फेटमुळे हॉप्सच्या फुलांचा कडूपणा जिभेवर चिकटून न राहता कोरडा, स्वच्छ उतरतो. ताज्या ग्लासला नाक लावलं तर काडी ओढल्यासारखा गंधकाचा हलका वास येतो. इथले जाणकार त्याला ‘बर्टन स्नॅच’ म्हणतात. पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

पण मग हेच पाणी शंभर वर्षं काय करत होतं? 1699 च्या कायद्याने ट्रेंट नदी नौकानयनासाठी सुधारण्याची वाट मोकळी झाली आणि बर्टनची पिंपं नदीने हल बंदरात, तिथून बाल्टिक समुद्रमार्गे सेंट पीटर्सबर्गला जाऊ लागली. अठराव्या शतकातली ती बर्टन एल (एल हा बियरचाच एक प्रकार) गडद, दाट, गोड आणि चांगलीच कडक होती. विहिरी त्याच, जिप्सम तेच, आणि पेय मात्र बिटरच्या अगदी दुसऱ्या टोकाचं! पाणीच चव ठरवत असतं तर बर्टनने पहिल्या दिवसापासून फिकी, कडू बियर केली असती. तसं झालं नाही, कारण रशियन गिऱ्हाइकाला ती नको होती. नेपोलियनच्या 1806 च्या नाकेबंदीने हा व्यापार मोडला, 1822 मध्ये रशियाने जबर जकात लावली, आणि सावरलेलं थोडंफारही गेलं. बर्टनला नवी जीभ शोधणं भाग पडलं.

ती जीभ हिंदुस्थानात सापडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर तोवर लंडनच्या हॉजसनची फिकी, भरपूर हॉप्स घातलेली एल चढत असे. त्याचा बो इथला कारखाना कंपनीच्या गोदीपासून जवळ होता. 1822 च्या सुमारास कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला जेवायला बोलावून ही बाजारपेठ सुचवली, असं सांगतात. आणि ऑलसॉपचा माल्ट करणारा जॉब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत काढून दाखवला, असंही. किटलीची गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्यानंतर लवकरच ऑलसॉपची आणि बर्टनच्याच बास कारखान्याची पिंपं मुंबई-कलकत्त्याला निघाली. विहिरीचं पाणी बदललं नव्हतं, बदलला होता तो माल्ट भाजण्याचा बेत आणि हॉप्सचं माप.

इथे पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकांबद्दल तक्रार करायलाच हवी. साधी बियर लांबच्या प्रवासात नासायची म्हणून हॉजसनने मुद्दाम जास्त दारूची, जास्त हॉप्सची ‘इंडिया पेल एल’ शोधून काढली, ही कथा त्या आजही छापतात. बियरचा इतिहासकार मार्टिन कॉर्नेल याने ती कागदपत्रांच्या आधारे मोडून काढली: हॉजसनच्या आधीपासून फिकी एल पूर्वेला जात होती, काळी पोर्टरही हिंदुस्थानात सुखरूप पोचत होती, आणि इंडिया एल त्या काळाच्या मानाने विशेष कडक नव्हती. उष्ण प्रदेशासाठी हॉप्स वाढवावेत हा सल्ला मात्र अठराव्या शतकातच दिला जात होता, हे तोही नोंदवतो. हे सगळं मला पटतं. पटत नाही ते यावरून काहीजण काढतात तो निष्कर्ष, की हिंदुस्थान ही बाटलीवरची नुसती चिठ्ठी होती. कोणी नवी बियर शोधली नसेल, पण गोड आणि गडद करणाऱ्या गावाला फिकं आणि कडू करायला लावलं ते याच बाजारपेठेने. शिवाय विषुववृत्त ओलांडताना पिंपातली बियर महिनोन्‌महिने उष्णतेत हिंदकळत पक्व व्हायची, ती गोष्ट वेगळीच.

मायदेशातही मग लोक हीच फिकी एल मागू लागले. कारखाने तिला पेल एल म्हणत राहिले. 1840 च्या दशकात पिणाऱ्यांनी, मऊ आणि गोडसर ‘माइल्ड’पासून वेगळी ओळखावी म्हणून, तिला ‘बिटर’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे नावसुद्धा गिऱ्हाइकानेच ठेवलं. शतकाच्या अखेरीस ती हलकी झाली, महिनोन्‌महिने न साठवता थोड्या दिवसांत पिंपातून विकण्याजोगी झाली, आणि पहिल्या महायुद्धातल्या टंचाईने व करांनी तिची ताकद आणखी उतरवली. आज चार टक्क्यांच्या आसपासची जी बिटर मिळते ती अशा कित्येक हातांतून गेलेली आहे.

यावर पाणीवाद्यांचा खरा आक्षेप असा की, 1870 च्या दशकात ट्रूमन आणि चॅरिंग्टन यांच्यासारख्या लंडनच्या बड्या कारखानदारांनी बर्टनमध्ये येऊन शाखा का काढल्या? पाण्यासाठीच ना? होय, पाण्यासाठीच. पण पुढे काय झालं तेही पाहावं. त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञांनी या पाण्याचं मर्म जिप्सममध्ये आहे हे ओळखलं, आणि पोत्यातलं जिप्सम कुठल्याही पाण्यात मिसळून ते बर्टनसारखं करता येऊ लागलं. या क्रियेला ‘बर्टनायझेशन’ असंच नाव पडलं. मग बाहेरून आलेले काही कारखाने परत फिरले. जी गोष्ट पोत्यात भरून नेता येते ती परंपरेचा प्राण कशी असेल?

प्राण कशात आहे ते समजायला युनियन जवळून पाहावी लागते. ही योजना 1838 मध्ये पीटर वॉकरने पेटंट केली. ओकची मोठी पिंपं रांगेत आडवी, आणि त्यांच्या वर लांबच लांब उघडी पन्हळ. प्रत्येक पिंपातून हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी वर येऊन पन्हळीवर झुकते. आंबण्याचा जोर चढला की फेस आणि यीस्ट, थोडी बियर घेऊन, त्या मानेतून उसळत वर येतात. फस्‌ फस्‌ करत पन्हळीत पडतात. यीस्ट तिथे तळाला बसतं, वरची निवळलेली बियर नळीने पुन्हा पिंपात. असं कित्येक तास, थांबल्याशिवाय. लाकूड झिजतं, गळतं. पिंपं घडवणारा सुतार कायम हाताशी लागतो. बासने 1980 च्या दशकातच हा खटाटोप सोडला.

यीस्ट वेगळं करायलाच हे सगळं असेल तर स्टीलच्या उभ्या टाकीतही ते होतं, असं कोणी म्हणेल. होतंच. पण जे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या या मानेतून वर चढून आलं तेच पुढच्या घाण्याला वापरलं गेलं. चढायला जोमदार, फळांचा हलका वास सोडणारं, असं ते निवडत निवडत घडलं. ते यंत्राचं अपत्य आहे. बर्टनचं पाणी आणि स्टीलची टाकी एकत्र आणली तरी ही निवड त्यात पुन्हा होणार नाही. म्हणूनच ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी एक संच तरी चालता राहावा म्हणून धडपड केली, आणि थॉर्नब्रिजने तो शोभेला न ठेवता कामाला लावला, याचं मोल मोठं आहे. बर्टनचं बियर-संग्रहालय 2022 मध्येच बंद झालं होतं. तिथे ठेवलेला संचसुद्धा कोरडा लाकूडसाठाच राहिला असता.

आपल्याला हे पटायला अवघड जाऊ नये. पैठणी पैठणची म्हणवते, पण आज तिचे बहुतेक माग येवल्यात चालतात, आणि त्या पदरावरच्या मोराला कोणी परका म्हणत नाही. बर्टनचं कसब तर याआधीही दूर गेलेलं आहे. बर्टनच्या बियर करणाऱ्या घराण्यातला एच. जी. मीकिन 1880 च्या दशकात हिंदुस्थानात आला, कसौली आणि सिमल्याचे कारखाने त्याने विकत घेतले, आणि पुढे जे नवे काढले त्यात आपल्या पुण्याजवळची खडकीही होती. ट्रेंटकाठची विहीर त्याने बरोबर आणली नव्हती.

बर्टनमध्ये क्रॉस स्ट्रीटवरच्या कूपर्स टॅव्हर्नमध्ये ड्राफ्ट बास पिंपातून थेट मिळते, ती प्यावी आणि डर्बीहून मॅटलॉकमार्गे बेकवेलची बस धरावी. मिडलँड रेल्वेचा जुना मार्ग याच दरीतून जायचा. बेकवेलपासून पुढे आता त्यावर सायकलची आणि पायी फिरण्याची वाट आहे. चॅट्सवर्थचा महाल, बेकवेलचं प्रसिद्ध पुडिंग, सगळं बाजूला राहू द्यावं. वाय नदीच्या काठी थॉर्नब्रिजचा कारखाना आहे. युनियनचा एकच संच, म्हणून इथली प्रत्येक बियर त्यातून जात नाही. पण त्यांची ‘लॉर्ड मार्पल्स’ ही चार टक्क्यांची बिटर जुन्या वळणाचीच आहे. ती गार नसते, तळघराइतकी थंड, बारा अंशांच्या आसपास. हापशाच्या दोन-तीन ओढींत ग्लास भरतो. पिंपातलं यीस्ट जिवंत असतं. पारंपरिक पिंपबियर निवळायला माशाच्या पिशवीचा सरस वापरतात, तीच पिशवी जिला आपल्या किनाऱ्यावरचे कोळी भोत म्हणतात. रंग तांब्याचा. पहिला घोट भाजलेल्या बिस्किटाचा आणि जळक्या साखरेचा, वायूचा ठसका जवळपास नाही. गोडी ओसरायला लागते तसा मागून कडूपणा येतो, जिभेच्या मुळाशी बसतो आणि बराच वेळ तिथेच राहतो, मेथीची भाजी खाल्ल्यावर राहतो तसा. प्रत्येक घोटागणिक ग्लासच्या आतल्या बाजूला फेसाचं एक कडं उरतं; अर्ध्यावर आलं की चार-पाच कडी मोजता येतात, आणि खाली तांबूस बियर अजून शिल्लक असते.