नऊ नोंदी, एक तबकडी

महाविद्यालयासारख्या संस्थेत संगणकांची खरेदी एका हिशेबाने कधीच होत नाही. अनुदानाचा हप्ता मंजूर झाला म्हणजे काही यंत्रे येतात, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून काही येतात, आणि मार्चअखेरीस शिल्लक रक्कम परत जाऊ नये म्हणून तातडीने मागविलेली काही त्यांत मिसळतात. तालुक्याच्या ज्या गावी संगणक-विभागाची व्यवस्था माझ्याकडे होती, तेथील महाविद्यालयात २०१६ साली विंडोज ७ ही एकच प्रणाली अशा रीतीने पाच निरनिराळ्या आवृत्त्यांच्या रूपाने नांदत होती. प्रयोगशाळेत होम बेसिक होती, जी कंपनीने भारतासारख्या उदयोन्मुख बाजारपेठांपुरतीच काढली होती. ग्रंथालयातील नेटबुकांवर स्टार्टर होती, जिच्यात पडद्यामागचे चित्र बदलण्याचीही मुभा नव्हती. प्राध्यापकांच्या खोलीत होम प्रीमियम, कार्यालयात प्रोफेशनल आणि प्राचार्यांच्या दालनात अल्टिमेट. त्यांतही काही यंत्रे ३२ बिटांची, तर काही ६४ बिटांची.

यांपैकी एखादे यंत्र बिघडले आणि त्यावर ‘विंडोज टाकण्याचा’ प्रसंग आला, म्हणजे प्रथम खणातील तबकड्यांमधून त्या आवृत्तीची नेमकी तबकडी हुडकावी लागे. ती सापडली तरी तिच्यातील प्रणाली फार तर फेब्रुवारी २०११ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपर्यंतची असे, आणि पुढील पाच वर्षांचे अपडेट गावातील मंद इंटरनेटवरून थेंबाथेंबाने उतरवून घ्यावे लागत. शिवाय कोणते अपडेट हवे आहेत याचा नुसता शोध घेण्यातच त्या सुमारास यंत्राचे तास न् तास जात, आणि तेवढा वेळ प्रोसेसर दुसऱ्या कोणत्याही कामाला मोकळा नसे. हा विलंब केवळ गैरसोयीचा नव्हता, धोक्याचाही होता. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती जुलैमध्येच प्रसिद्ध झालेली होती. तरीही नव्याने एक्सपी टाकलेले यंत्र ती दुरुस्ती उतरवून घेण्यासाठी जाळ्याशी जोडावे आणि जोडताक्षणीच बाधित व्हावे, असा विपरीत अनुभव त्या काळी पुष्कळांनी घेतला होता. म्हणून दुरुस्त्या आधीच पोटात असलेली, सर्व आवृत्त्या सामावून घेणारी आणि दोन्ही जातींच्या यंत्रांना चालेल अशी एकच तबकडी सिद्ध करावी, असा संकल्प मी त्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत केला.

विंडोज ७ च्या तबकडीत ‘सोर्सेस’ नावाच्या कप्प्यात ‘इन्स्टॉल.विम’ ही एक अवाढव्य फाइल असते, आणि प्रणाली म्हणून जे काही आहे ते सारे तिच्यात साठविलेले असते. ६४ बिटांच्या मूळ तबकडीतील फाइलीत चार आवृत्त्या असतात. ३२ बिटांच्या फाइलीत स्टार्टर धरून पाच. विकत घेताना तबकडीवर एकाच आवृत्तीचे नाव छापलेले असले, तरी बाकीच्या आवृत्त्या आत असतातच, ‘ईआय.सीएफजी’ नावाची जेमतेम काही ओळींची एक फाइल त्यांच्यावर पडदा टाकून असते, आणि ती काढली की सर्व नावांची यादी पडद्यावर येते. त्याहून विस्मयाची गोष्ट अशी की, या आवृत्त्या एकाशेजारी एक ठेवलेल्या स्वतंत्र प्रती नव्हेत. प्रत्येक मजकूर त्या फाइलीत एकदाच साठविलेला असतो, आणि कोणत्या आवृत्तीत कोणता मजकूर कोठे जावा याची तेवढी प्रत्येकीची वेगळी नोंद असते. त्यामुळे चार आवृत्त्यांनी व्यापलेली जागा एकीच्या जागेहून फारशी अधिक नसते.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी एकदा मला विचारले होते, “सर, प्राचार्यसाहेबांच्या मशीनवर अल्टिमेट आहे आणि आमच्याकडे हे स्टार्टर, म्हणजे त्यांचं मशीन आमच्यापेक्षा सुरक्षित, असंच ना?” मी त्यांना म्हणालो, “बाई, तिजोरीसारखी संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याची सोय त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. पण चोर ज्या भिंतीतून शिरतो ती भिंत दोघांची एकच, आणि तिची डागडुजीही एकच.” हे उत्तर मी देऊन गेलो खरा, परंतु त्याची यथार्थता मला पटली ती ही फाइल उलगडून पाहताना. खालच्या आवृत्तीत वरच्या आवृत्तीचे घटक निद्रिस्त अवस्थेत ठेवलेले असतात, आणि नवी किल्ली दिली की दुसरी तबकडी न घालता यंत्र वरच्या पायरीवर चढते. दर्जाचा भेद होता, पण तो बहुतांशी नोंदीत होता.

संकल्पाचा महिना अनुकूल ठरला. त्याच मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅकनंतरच्या एप्रिल २०१६ पर्यंतच्या बहुतेक दुरुस्त्यांचा एक एकत्रित संच, केबी ३१२५५७४, प्रसिद्ध केला होता. मात्र तो स्वीकारण्यापूर्वी एप्रिल २०१५ चा केबी ३०२०३६९ हा दुसरा अपडेट आत असणे आवश्यक होते, कारण दुरुस्त्या बसविणारी यंत्रणाच त्याने सुधारली जात असे. जमिनीच्या दफ्तरात आधीचा फेरफार मंजूर झाल्यावाचून नंतरचा धरता येत नाही, तसाच हा क्रम होता.

‘डिसम’ या आज्ञेने फाइलीतील एक आवृत्ती एका रिकाम्या फोल्डरात उघडावी, तिच्यात प्रथम यंत्रणेचा अपडेट आणि मग मोठा संच घालावा, बदल कायम करून ती मिटवावी, आणि हेच कर्म पुढच्या आवृत्तीवर करावे, असा हा विधी होता. कृती सोपी, पण वेळ खाणारी. आणि गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने यूपीएसच्या भरवशावर ती आरंभावी लागे. प्रत्येक वेळी बदल कायम केले की फाइल फुगत जाते, कारण निरुपयोगी झालेला मजकूरही तिच्यात पडून राहतो; म्हणून अखेरीस ‘इमेजएक्स’ या साधनाने एकेक आवृत्ती नव्या फाइलीत उतरवून घ्यावी लागते. याच टप्प्यावर मी ६४ बिटांच्या चार आणि ३२ बिटांच्या पाच आवृत्त्या एकाच फाइलीत आणल्या. तबकडीचा आरंभ करून देणारा भाग ३२ बिटांचा ठेवला. तो दोन्ही जातींची प्रणाली बसवू शकतो, ६४ बिटांचा मात्र ३२ बिटांची बसवीत नाही. आमची सर्व यंत्रे जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होणारी असल्याने ही योजना निर्वेध चालली.

अडचण आली ती आकारमानाची. साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात, आणि आमची सिद्धी त्या मर्यादेपलीकडे गेली. कारण दुरुस्ती झाली तरी विंडोज जुनी फाइल टाकून देत नाही, नवी तिच्या शेजारी ठेवते. तेव्हा डीव्हीडीसाठी दोन थरांची, ८.५ गिगाबाइटांची तबकडी घ्यावी लागली. नेटबुकांना तर डीव्हीडीचा ड्राइव्हच नव्हता; त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह केला, आणि फॅट ३२ पद्धतीत ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल राहत नसल्याने तो एनटीएफएस पद्धतीने तयार केला.

काही गोष्टी आत जाण्यास राजी नसतात. नंतरच्या डॉट नेटचे संच स्वतः चालवावे लागणाऱ्या कार्यक्रमांच्या स्वरूपात येतात. त्यांना ‘सेटअपकम्प्लीट’ नावाच्या आज्ञापत्रात स्थान दिले, की प्रणाली बसून झाल्यावर, लॉगिनचा पडदा येण्याआधी, ते आपोआप चालतात. त्या वर्षी आलेल्या नव्या यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी होती. त्यांच्या यूएसबी खाचा विंडोज ७ ला ओळखताच येत नसत, आणि भाषा निवडण्याच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड व माउस दोन्ही निश्चेष्ट होत. म्हणून यूएसबी ३ चे ड्रायव्हर प्रत्येक आवृत्तीत घालावे लागलेच, पण ‘बूट.विम’ या आरंभाच्या फाइलीतही घालावे लागले.

परवान्यांची बाब मी आरंभीच प्राचार्यांच्या कानावर घातली होती. तबकडी नऊ आवृत्त्या दाखवीत असली, तरी प्रत्येक यंत्रावर चिकटविलेल्या पट्टीवर ज्या आवृत्तीची पंचवीस अक्षरी किल्ली असेल, तीच तेथे टाकावयाची, असा लेखी दंडक त्यांच्या सहीने लावला गेला. एखाद्या प्राध्यापकांनी आपल्या यंत्रावरही अल्टिमेट टाकण्याचा लाडिक आग्रह धरला, की मी त्या कागदाकडे बोट दाखवीत असे.

तबकडीबरोबर मी एक वहीही ठेवीत गेलो. कोणता अपडेट केव्हा घातला, कशानंतर घातला, आणि कोणता हेतुपुरस्सर वगळला, यांची तिच्यात नोंद असे. केबी ३०३५५८३ मी वगळला होता, कारण विंडोज १० चे निमंत्रण वारंवार पुढे करण्यापलीकडे आमच्या दृष्टीने त्याचा उपयोग नव्हता. ऑक्टोबर २०१६ पासून दुरुस्त्यांचे संच दरमहा एकत्रित येऊ लागले आणि काम हलके झाले. एप्रिल २०१७ मध्ये, परीक्षांच्या धामधुमीनंतर, मी मार्चचा संच घालून नवी तबकडी केली. १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरत होता ते त्या तबकडीतून टाकलेल्या प्रत्येक यंत्रावर आधीच बुजलेले होते, स्टार्टरवरही, अल्टिमेटवरही. २०१९ मध्ये दुरुस्त्यांवरील डिजिटल स्वाक्षरीची पद्धत बदलली. केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ आत नसतील, तर नवा कोणताही संच प्रणाली मान्य करीना. आणि क्रमाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

१४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा अधिकृत सांभाळ संपला. विंडोज १० च्या तबकडीत होम आणि प्रो मुळातच एकत्र येत, आणि दरमहाचा एक संच मागच्या सर्वांना सामावून घेत असे; तेव्हा या विद्येची तितकीशी गरज उरली नाही. तरीही माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याकडे कारभार सोपविताना मी ती वही त्याच्या हाती दिली. “सर, तबकडीत काय काय आहे ते डिसमची एक आज्ञा दिली की कळतं; मग वही कशाला?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “काय घातलं ते तबकडी सांगेल. काय घातलं नाही आणि का, ते तिला कोण विचारणार? त्यासाठी ही वही. आणि पुढची पानं तू लिहायची आहेस.”