माघातलं तेल

आमच्या आगराचं रस्त्याकडचं कुंपण गोठ्याचं होतं. शेवटची गाय गेली, गोठा मोडला, आणि ते लाकूड कुणी विकत मागायला येण्याआधीच अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुंपणाला लावून टाकलं. मेढी ऐनाच्या, फळ्या बहुतेक सागाच्या, मधेच काही फणसाच्या. उरलेल्या तीन बाजूंना चिऱ्याचा गडगा. दापोली तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर लाकडी कुंपण म्हणजे हौसच. लोक चिवारीची वई घालतात आणि मोडली की नवी करतात, नाहीतर सरळ सिमेंटचे खांब रोवून तार ओढतात. जून ते सप्टेंबर आडवातिडवा पाऊस, एरवी खारा वारा, आणि वाळवी बारमाही. तिथे जुनं लाकूड उघड्यावर उभं करायचं म्हणजे घरात एक म्हातारं माणूस वाढवण्यासारखं. त्याचं सगळं वेळच्या वेळी करावं लागतं.

मी डोंबिवलीची. सासऱ्यांशी काय बोलायचं हा लग्नानंतर बरीच वर्षं मला पडलेला प्रश्न होता, आणि सुनेशी काय बोलायचं हा बहुधा त्यांना. आम्ही दोघंही चहाबद्दल बोलत असू. हवा हा विषय त्या गावात दोन वाक्यांत संपतो. कुंपणाचा मात्र संपत नसे. त्यामुळे घरात आमचं जे काही नातं झालं ते माघ महिन्यात, फळ्यांच्या अलीकडे आणि पलीकडे उभं राहून.

माघच का, तर त्यालाही अप्पांचा हिशेब होता. सगळा गाव लाकडाला तेल लावतो वैशाखात. पावसाळा तोंडावर आला की शाकारणी, सरपण, आमसुलं यांच्या गडबडीत कुणीतरी ब्रश घेऊन बेड्याला आणि खिडक्यांना हात मारतं. अप्पांना ते मान्य नव्हतं. वैशाखात ऊन कडक असतं, पण समुद्रावरची हवा ओली असते. घाम वाळत नाही तिथे फळी कुठून वाळणार, असं ते म्हणत. पौष-माघात जमिनीकडून कोरडा वारा येतो, ओठ फुटतात, तेव्हा लाकूडही आतपर्यंत सुकलेलं असतं. पुढे मी वाचलं, तेव्हा त्यांचं म्हणणं आकड्यांत सापडलं. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिली, तर पावसाचा थेंब न लागताही लाकडातलं पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ जातं, आणि कुजवणाऱ्या बुरशीचा धोका साधारण तिथूनच पुढे सुरू होतो. म्हणजे आमच्याकडे श्रावणात पडवीत ठेवलेली फळीसुद्धा काठावरच बसलेली असते.

शेवटच्या माघात, २०१६ साली, ते खुर्चीवर होते. डॉक्टरांनी आम्हाला महिने सांगितले होते. त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नाहीत. कानटोपी, गुडघ्यावर शाल, हातात काठी. काठी माझ्यासाठी होती, म्हणजे कुठली फळी ते दाखवायला. त्या वर्षी पहिल्यांदा सगळं काम मी केलं आणि पहिल्यांदाच ते भरभरून बोलले.

आधी शेवाळ. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून नारळाच्या सोडणाने घासायचं, पाण्याचा पाइप जोरात मारायचा नाही, त्याने लाकडाची लव उभी राहते आणि पाणी आत घुसतं. मग काही दिवस नुसतं वाळू द्यायचं. मग फुटक्या काचेच्या धारेने वरचा करडा थर खरवडायचा. तो करडा रंग उन्हाचा. ऊन लाकडातला बांधून ठेवणारा भाग खातं आणि वर मेलेला भुसभुशीत पापुद्रा राहतो. त्यावर काहीही लावलं तरी ते पापुद्र्यालाच चिकटतं आणि त्याच्याबरोबर गळून पडतं. खिळ्यांभोवती ऐनाचं लाकूड काळं पडलेलं असे, ते लोखंडाचं आणि लाकडातल्या तुरटपणाचं भांडण, त्याच्या नादी लागायचं नाही. मग बोट पाण्यात बुडवून फळीवर एक थेंब. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर गेल्या सालचं तेल अजून शिल्लक आहे, पुढे चल. पसरून जिरला, तर लाव.

तेल म्हणजे बेलतेल, उकळलेलं जवसाचं तेल, पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. “पातळ आत जातं, दाट वर बसतं. आपल्याला वर बसलेलं नको,” हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. लावून झाल्यावर उरलेलं चिंधीने पुसून घ्यायचं. अंगावर राहिलेल्या तेलाला पावसाळ्यात काळी बुरशी धरते, कारण जवसाचं तेल तिलाही आवडतं. आणि चिंध्यांचा बोळा करून ठेवायचा नाही. वाळताना ते तेल हवा ओढून घेतं आणि तापतं, बोळा असला तर आपोआप पेटतोसुद्धा. अप्पा चिंध्या पाण्यात पिळून गडग्यावर एकेक पसरायला लावत. त्या माघात आमचा गडगा लहान बाळाच्या घरासारखा दिसत होता.

खरी मेहनत मेढींच्या डोक्यांवर आणि पायांवर. डोकी तिरकी कापलेली, पाणी ओघळून जावं म्हणून. तरी कापलेल्या तोंडाने लाकूड अंगापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं. तिथे तेल पाजत राहायचं, ते प्यायचं थांबेपर्यंत. पायांना काजूच्या टरफलाचं काळं तेल. जिल्ह्यात काजूचे कारखाने आहेत, तिथून ते डब्यात येई. अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून आधी हाताला खोबरेल. मेढ कुजते ती जमिनीला टेकते तिथे. फार खाली हवा नसते आणि फार वर पाणी टिकत नाही. जमिनीच्या वरखाली चार बोटं, तिथे दोन्ही असतात.

“अगो, पाणी आत जाणारच,” ते म्हणाले. मी एक फट मेणाने बुजवत होते. “ह्या मुलखात कोण अडवणार त्याला? बाहेर यायला वाट ठेव म्हणजे झालं.”

अप्पा भाद्रपदात गेले, गौरी-गणपती होऊन गेल्यावर. डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा थोडे जास्तच टिकले. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

दिवाळीत माझ्या नवऱ्याने कुंपण रंगवलं. गावी जाऊन करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. फराळ नव्हता, कंदील नव्हता, लोक येऊन तेच तेच विचारून जात होते. त्याने दापोलीहून हिरव्या ऑइलपेंटचा मोठा डबा आणला आणि पावसाळ्यातून नुकत्याच निघालेल्या लाकडावर सकाळपासून अंधार पडेपर्यंत दोन हात दिले. चकाकणारा हिरवा, एसटीच्या थांब्यांना असतो तसला. फटी त्याने पुट्टीने भरल्या. हातातला ब्रश काढून घ्यावा असं त्याचं तोंड नव्हतं. विहिरीकडच्या टोकाला आल्यावर डबा संपला, आणि शेवटच्या काही फळ्या तशाच राहिल्या.

कुंपण पुढे तीन पावसाळे सुंदर दिसलं. येणारेजाणारे कौतुक करत. रंगाला कुठे कुठे फोड आले होते, पण रस्त्यावरून ते दिसत नसत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आम्ही टाळेबंदीमुळे ठाण्यात अडकलेले, आणि गावचे फोन बरेच दिवस बंद. केळशी, आंजर्लं, हर्णै, पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, सगळीकडे माड-पोफळी आडव्या झाल्या. पास मिळून आम्ही पोचलो तेव्हा आगरात आकाश दिसत होतं, जे कधी दिसत नसे. एक माड कुंपणावर पडला होता. मोडलेल्या फळ्या उचलल्या तर हातात हलक्या लागल्या. वरचा हिरवा रंग शाबूत आणि आतलं लाकूड तपकिरी, चौकोनी भेगांचं, चिमटीत चुरडणारं. सागाचा गाभा बराचसा वाचला होता; कडेचा पांढरा भाग आणि फणसाच्या काही फळ्या साफ गेल्या होत्या. ऐनाच्या मेढी जमिनीजवळ पेन्सिलीसारख्या निमुळत्या झालेल्या. विहिरीकडच्या बिनरंगी फळ्या करड्या, फाटलेल्या, पण टणक. अर्थात त्यांच्यावर माड पडला नव्हता, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. नवऱ्याने ती केली. तो बराच वेळ तो चुरा चिमटीतून सोडत बसला होता.

नव्या मेढींसाठी आम्ही चिपळूणला एका वखारीत गेलो. तिथे हिरवट झाक असलेले, औषध पाजलेले खांब होते. त्या औषधाची हकीकत मजेची आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं हे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधलं आणि पुढे अमेरिकेतल्या परसदारांची कुंपणं त्याच्यावर उभी राहिली. आर्सेनिकच्या भीतीने २००३ च्या अखेरीस तिथे घरगुती वापरासाठी ते थांबलं. आमच्या कुंपणाला लागून अळू आणि पडवळ असतं, म्हणून आम्ही साधेच खांब घेतले. लाकडाचा टिकाऊपणा पाहायला अशा संस्थांमध्ये दांडके जमिनीत पुरून ठेवतात आणि त्यांचं आयुष्य महिन्यांत मोजतात. १२० महिन्यांच्या वर गेलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० दुसरा, त्याखाली तिसरा. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. महिन्यांत मोजण्याची ती रीत वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

उरलेल्या चांगल्या फळ्यांवरचा रंग आम्ही दोघांनी काचेने खरवडून काढला. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात माणसाला वर बघावं लागत नाही. त्यातच कधीतरी तो बोलायला लागला. अप्पांनी शेवटच्या आठवड्यात त्याला काय काय विचारलं, त्याने काय खोटं सांगितलं, रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात तो कुठल्या पायरीवर बसायचा. मी मधे काही बोलले नाही, फक्त काच बोथट झाली की दुसरी दिली. हिरवी सालपटं अंगणभर झाली होती.

आता कुंपण अर्धं जुनं, अर्धं नवं आहे, आणि ते लक्षात येतं. शेजाऱ्यांनी सिमेंटचे खांब घातले. मला कुणी विचारलं तर मीही तेच घाला म्हणेन. आमच्याकडे बेलतेलाचा डबा दर माघात लागतो, त्याचा भाव वाढत जातो, आणि तेल लावायला येणारा मुलगा आता मुंबईला नोकरीला आहे. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पौषात ठरलंय. तेव्हा यंदा मेढींच्या पायांशी उकिडवं बसायचं काम माझ्याकडे. तो खुर्ची घेऊन बसणार आहे, काठीसकट. मी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, दाखवायचं तेवढं दाखव, शिकवायचं नाही.