रोख रक्कम आणि देहाची मुदत

धुळ्याच्या माझ्या ज्येष्ठ बंधूंना मधुमेहामुळे डॉक्टरांनी वजन घटविण्याची शस्त्रक्रिया सुचविली. विमा नियमांनुसार बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35 लागतो, त्यांचा 34. म्हणून खर्च पदरचा. ‘रोखीचा व्यवहार, तारीख लगेच मिळेल,’ असा आम्हा जळगावकरांचा हिशेब. विम्याच्या मंजुरीची वाट पाहणे टळले खरे. परंतु रक्त, हृदय व एंडोस्कोपीच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी, यकृत आकसावे म्हणून सुमारे दोन आठवड्यांचा मिताहार, यांत रोखीने सूट मिळत नाही.

खरा पेच पुढेच होता. शस्त्रक्रियेनंतर घोटघोट पाणी सतत घ्यावे लागते. बंधूंचा चौविहार वीस वर्षांचा. डॉक्टरांची संमती घेऊन व महाराजसाहेबांशी बोलून त्यांनी चातुर्मासानंतरची तारीख घेतली आणि आरंभीच्या आठवड्यांपुरती रात्री पाण्याची मोकळीक ठेवली. जीवनसत्त्वे आजन्म घ्यायची असल्याने जिलेटिनविरहित गोळ्यांचीही आधीच चौकशी केली.

शस्त्रक्रियेने जठर लहान होते, रसना नव्हे. ऊनोदरी तप मात्र बंधूंनी तारखेची वाट न पाहता त्याच दिवसापासून आरंभिले.