निर्व्यसनी माणसाचे यकृत

काळीज या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असा आहे, ही गोष्ट आपण मराठी बोलणारे लोक बहुतेक विसरून गेलो आहोत. मोल्सवर्थच्या कोशात तो अर्थ दिलेला आहे आणि खाटिकाच्या दुकानी कलेजी मागणाऱ्यास तो आजही ठाऊक असतो. परंतु पांढरपेशा माणसाचे काळीज केव्हाच छातीत डावीकडे सरकले. आणि उजव्या बरगडीखाली जो सुमारे दीड किलो वजनाचा अवयव उरला, त्याची आठवण आपणांस एकाच प्रसंगी होऊ लागली. कोणी दारूने मेला म्हणजे! ‘त्याचं लिव्हर गेलं’ हे शब्द आमच्या वऱ्हाडात ज्या स्वरात उच्चारले जातात, त्या स्वरातच मृताच्या चारित्र्याचा निकाल लागलेला असतो.

माझे एक चुलते तिवशाजवळच्या खेड्यात शाळामास्तर होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकलेली, चहापलीकडे कसलाही नाद नाही. मधुमेह मात्र जुना होता. 1984 साली ते जलोदराने वारले. पोटातले पाणी काढणाऱ्या डॉक्टरांनी काकूंना बाजूस घेऊन विचारले, “किती वर्षांपासून घेतात?” तुकडोजी महाराजांची गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात; व्यसनमुक्तीची भजने ऐकत येथल्या दोन पिढ्या वाढलेल्या. अशा मुलखात या प्रश्नाचे ओझे किती असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. गावाने काकांची माळ पाहिली होती, तरी गावाने विश्वास त्या प्रश्नावर ठेवला. काकू पुढे वीस वर्षे जगल्या. त्या विषयावर त्या कधी एक शब्दही बोलल्या नाहीत.

वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर चार वर्षे आधीच छापले गेले होते. 1980 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी मद्यप्याचा वाटावा, आणि रुग्ण तर दारूला न शिवणारा! रोगाला नावच नव्हते. ते त्यांनी दिले. काकांना हेच झाले होते असे मी म्हणत नाही. त्यांची तशी तपासणी झाली नाही, आणि जुनाट काविळीनेही यकृत असेच जाते. परंतु दारूवाचून हे घडू शकते एवढे जरी त्या वेळी कोणी काकूंना सांगितले असते!

गेल्या वर्षी माझ्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ असे लिहून आले. माझी उंची पाच फूट सहा इंच, वजन सत्तर किलो. महाविद्यालयातले सहकारी म्हणाले, “तुम्हांला कुठली चरबी, सर?” या शंकेचे उत्तर मात्र पुण्याचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे निर्देशांक 22.3, परंतु इंग्रजाच्या देहात चरबी 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या देहात 21.2 टक्के. आपला माणूस सदऱ्यात सडपातळ दिसतो आणि आतून मेदस्वी असतो. म्हणूनच आपल्याकडे धोक्याची रेघ पंचविसावर नव्हे, तेविसावर ओढतात.

यकृत हे देहाचे कोठार. गरजेपेक्षा अधिक आलेली साखर आणि पीठ यांचा ते मेद बनविते. इन्सुलिनचा हुकूम देहात चालेनासा झाला की तो मेद तेथेच साचू लागतो. शंभरांतील पाचांहून अधिक पेशींत तो दिसला की रोग म्हणावयाचा. यकृताच्या आत वेदनाच नाही, त्यामुळे ते तक्रार करीत नाही. बहुतेकांचे गाडे मेदावरच थांबते. काहींच्या यकृतास सूज येते, मग व्रण पडून ते निबर होते, आणि त्याच्या शेवटी काकांचे ते पाणी. सोनोग्राफीचा ‘ग्रेड’ मेद किती हे सांगतो, व्रण किती हे नाही. लोक मात्र त्या आकड्यावरच झोप घालवितात. वय, रक्तातील दोन विकरे आणि प्लेटलेट यांच्या गणिताने, आणि लागल्यास फायब्रोस्कॅनने, व्रणांचा अंदाज येतो. माझे यकृत अद्याप मऊ निघाले. तरीही अशा रुग्णांस यकृताआधी हृदयच अधिक वेळा दगा देते, हे डॉक्टरांनी बजावलेच.

अमेरिकेत 2024 साली रेस्मेटिरॉम आणि 2025 साली सेमाग्लुटाइड या औषधांस या रोगासाठी मान्यता मिळाली. पण ती सूज आणि व्रण असलेल्यांकरिता. मजसारख्यास उपाय एकच: वजनातून सात ते दहा टक्के उतरविणे, तेही सावकाश. कडू काढ्यांचा मोह टाळावा हे बरे. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले रुग्ण नोंदविले आहेत. आयुष मंत्रालयास ते मान्य नव्हते, ही गोष्ट निराळी. बिनसाखरेची कॉफी मात्र यकृतास मानवते असे दिसते. इंग्रजीच्या प्राध्यापकास एवढी सवलत पुरे!

पाच किलो म्हणजे फार नव्हे, असे मला वाटे. सकाळी मोझरीच्या वाटेने पाऊण तास चालणे सोपे निघाले. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी हे तर आमचेच अन्न. कठीण आहे तो आग्रह. वऱ्हाडात अन्नाला नाही म्हणणे हे माणसाला नाही म्हणणे आहे. सासुरवाडीस रोडग्यांचे जेवण होते. मेव्हण्यांनी तुपाची वाटी रोडग्यावर पालथी करून म्हटले, “घ्या न भाऊजी, एका रोडग्यानं काय होते?” मी रोगाचे नाव सांगितले. पंगतीत क्षणभर शांतता पसरली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे वळून हळूच विचारले, “सर, तुम्ही बी?”

2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी या रोगाचे नाव बदलून त्यातून दारूचा उल्लेखच काढून टाकला आहे. ती वार्ता पंगतीपर्यंत केव्हा पोहोचेल ती पोहोचो. मी त्या वृद्धांस काकांची सारी हकीकत सांगितली. ते काकांचे विद्यार्थी निघाले. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच्या पानावरचा दुसरा रोडगा त्यांनी बाजूस सारला.

आता वजन सहासष्टावर आले आहे. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या आहेत. पुरण होईल, सोळा भाज्या होतील, आंबील होईल. वाढणाऱ्या पोरांना यंदा सौभाग्यवतींनी ताकीद दिली आहे की, कोणाचाही हात पानावर आडवा आला की कारण न विचारता पुढच्या पानाकडे जावयाचे.